अणुवीज, पक्षभेद आणि सातबारा नसलेला माणूस

अणुवीज केंद्रांच्या प्रश्नावर राजकीय पक्षांत फूट आहे, हे आपण गेली कित्येक वर्षे वाचत आलो आहोत. एक पक्ष म्हणतो, वीज हवी तर अणुभट्टी हवीच. दुसरा म्हणतो, कोकणची राखरांगोळी आम्ही होऊ देणार नाही. तिसरा म्हणतो, अणुभट्टी चालेल, पण परदेशी नको. या वादावर वैज्ञानिकांनी लिहिले आहे, अर्थशास्त्रज्ञांनी लिहिले आहे, पर्यावरणाच्या अभ्यासकांनी तर भरपूर लिहिले आहे. मी यांपैकी कोणी नव्हे. हिंगोली जिल्ह्यात मराठी शिकवणारा एक शिक्षक आहे. परंतु पक्षांचे जाहीरनामे, सभागृहातली भाषणे आणि मैदानावरच्या घोषणा हाही शेवटी मजकूरच असतो. कथा-कादंबरीची समीक्षा करताना आपण विचारतो की, या लेखनात कोणता माणूस आहे आणि कोणता वगळलेला आहे? तोच प्रश्न या मजकुराला विचारावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पक्षांच्या भूमिकांची वंशावळ पाहू. १९७४ च्या मे महिन्यात पोखरणला पहिला अणुस्फोट झाला, तेव्हा दिल्लीत काँग्रेसचे राज्य होते. १९९८ च्या मे महिन्यात पुन्हा स्फोट झाले, तेव्हा भारतीय जनता पक्षाचे होते. म्हणजे बॉम्बच्या बाबतीत या दोन्ही घरांचे गोत्र एकच. वीजकेंद्रांकडे आलो की भांडण सुरू होते. अमेरिकेशी अणुसहकार्याची बोलणी वाजपेयी सरकारच्या काळात पुढे सरकली होती. पण तोच करार मनमोहनसिंग सरकारने पुढे नेला, तेव्हा २२ जुलै २००८ च्या विश्वासदर्शक ठरावावर भाजपने विरोधात मत दिले. डाव्या पक्षांनी त्याआधीच पाठिंबा काढून घेतला होता. २०१० साली अणुहानीच्या नागरी दायित्वाचा कायदा आला. भट्टीतला दोष पुरवठादाराचा असेल तर त्याच्यावरही जबाबदारी टाकता आली पाहिजे, असा आग्रह भाजपने आणि डाव्यांनी धरला, आणि तशी तरतूद सरकारला मान्य करावी लागली. आग्रह रास्तच होता. भोपाळची जखम देशाच्या अंगावर ओली होती. १९८४ च्या त्या रात्री गॅसने कोण मेले? कारखान्याच्या भिंतीला लागून झोपड्या ज्यांच्या होत्या, ते मेले.

आता पुढचा अंक पाहा. २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने 'शांती' या नावाचा नवा कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्वाचा कायदा, दोन्ही त्याने गुंडाळले. खासगी भांडवलाला अणुवीज केंद्राचे दार उघडले. आणि ज्या पुरवठादाराच्या जबाबदारीसाठी भाजपने विरोधी बाकावरून २०१० साली जोर लावला होता, ती तरतूद भाजपच्याच सरकारने काढून टाकली. या वेळी पुरवठादाराला मोकळे सोडू नका, हे सांगण्याची पाळी काँग्रेसवर आली. विधेयक समितीकडे पाठवा म्हणत विरोधकांनी सभात्याग केला. पात्रे तीच, संवादही तेच. फक्त कोणता संवाद कोणी म्हणायचा, याची अदलाबदल झाली.

ही गोष्ट दिल्लीपुरतीच नाही. तमिळनाडूत कुडनकुलमच्या केंद्राविरुद्ध किनाऱ्यावरचे मच्छीमार उठले, तेव्हा २०११ च्या सप्टेंबरमध्ये जयललितांच्या मंत्रिमंडळाने काम थांबवावे असा ठराव केला. २०१२ च्या मार्चमध्ये शंकरनकोविलची पोटनिवडणूक झाली आणि मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी त्याच मंत्रिमंडळाने हिरवा कंदील दाखवला. मार्क्सवादी पक्षाने जैतापूरच्या परदेशी भट्ट्यांना विरोध केला, पण कुडनकुलमच्या बाबतीत त्याची भाषा मवाळ राहिली. त्या पक्षाचे केरळातील ज्येष्ठ नेते अच्युतानंदन यांना पक्षाची रेघ ओलांडून आंदोलकांच्या बाजूने बोलावे लागले.

आपल्या राज्यात या वादाचे नाव जैतापूर. रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गावांच्या परिसरातली सुमारे ९३८ हेक्टर जमीन या प्रकल्पासाठी घेतली गेली. १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, असा आराखडा. २०१० च्या नोव्हेंबरअखेर ३५ अटी घालून पर्यावरणाची मंजुरी मिळाली आणि डिसेंबरात फ्रान्सच्या अध्यक्षांच्या भेटीत करार झाला. तीन महिन्यांनी, ११ मार्च २०११ रोजी, जपानमध्ये फुकुशिमा घडले. १८ एप्रिल २०११ ला साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार ठार झाला. राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते, ते प्रकल्पाच्या बाजूने. शिवसेना विरोधात. २०१४ नंतर शिवसेना भाजपबरोबर सत्तेत गेली. तिचा विरोध तोंडी टिकून राहिला, हे मान्य केले पाहिजे. पण तिच्या मंत्र्यांच्या खुर्च्या ज्या सरकारात होत्या, ते सरकार प्रकल्पाच्या पाठीशी होते, आणि २०१८ च्या मार्चमध्ये दिल्लीत फ्रेंच कंपनीशी पुढचा करारही झाला. त्याच तालुक्यात रिफायनरीचा प्रश्न आला. तेव्हा शिवसेनेच्याच मुख्यमंत्र्यांनी २०२२ च्या जानेवारीत बारसूची जागा केंद्राला सुचवली आणि २०२३ साली बारसूचे लोक रस्त्यावर आले तेव्हा तेच नेते लोकांच्या बाजूने उभे राहिले.

यावरून मी एक निष्कर्ष काढतो. हा मतभेद अणूविषयीचा नाही. तो बाकाविषयीचा आहे. सत्तेच्या बाकावर बसले की अणुवीज राष्ट्राची गरज होते आणि विरोधी बाकावर आले की ती जनतेवरचे संकट होते. याचा अर्थ किनाऱ्यावर लढणाऱ्या माणसांचा लढा खोटा, असा मात्र कोणी घेऊ नये. त्यांचा लढा खरा आहे. त्यांच्या लढ्याची पक्षांनी जी भाषांतरे केली, ती खोटी आहेत.

या भाषांतरांतील काही शब्द तपासून पाहू. पहिला शब्द 'राष्ट्र'. प्रकल्पाचे समर्थक म्हणतात, राष्ट्रासाठी काहींना त्याग करावा लागतो. त्याग करणारे 'काही' नेहमी कोण असतात? देशातली युरेनियमची पहिली खाण झारखंडच्या जादुगोड्यात, ती संथाळ आणि हो आदिवासींच्या भूमीत. तारापूरचे केंद्र १९६९ साली सुरू झाले, ते आजच्या पालघर जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याची आदिवासी मुले कुपोषणाने मरतात, म्हणून त्या तालुक्यांची नावे आपल्याला ठाऊक झाली. तारापूरची वीज मुंबई आणि गुजरातच्या कारखान्यांपर्यंत पोहोचली. शेजारच्या पाड्यावर ती केव्हा आणि किती पोहोचली, याचा हिशेब राष्ट्राच्या भाषणात येत नाही.

दुसरा शब्द 'भूमी'. हा विरोधकांचा आवडता. कोकणची लाल माती, हापूसची कलमे, निळा समुद्र, देवराया. मराठी साहित्यात कोकणचे हे चित्र इतक्यांदा रंगवले गेले आहे की, राजकीय वक्त्याला ते आयतेच मिळाले. या चित्रात कलमांचा मालक आहे, पण बाग राखणारा नेपाळी गडी नाही. वाडी आहे, पण गावाच्या कडेची बौद्धवाडी नाही. भूमीवर प्रेम करायला भूमी असावी लागते. ज्याच्या नावावर ती कधी होऊच दिली नाही, त्याने या चित्रात कोठे उभे राहायचे?

आणि रत्नागिरी जिल्ह्यात तर हा प्रश्न विचारायलाच हवा. हा खोतीचा मुलूख. कसणारा कुणबी आणि महार, मालकी खोताची. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर गेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यामुळे. परंतु कायद्याने खोती गेली म्हणून कागदावर सगळ्यांची नावे चढली, असे झाले नाही. ज्याचे नाव चढले तो खातेदार झाला. राहिला तो मजूर राहिला.

म्हणून तिसरा शब्द, 'प्रकल्पग्रस्त', सर्वांत महत्त्वाचा. जैतापूरच्या जमिनीचा मोबदला वाढवत वाढवत २०१३ साली हेक्टरी साडेबावीस लाखांवर नेण्यात आला. विरोधक म्हणाले कमी आहे, सरकार म्हणाले पुरेसा आहे. मी म्हणतो, रकमेआधी मापाकडे पाहा. माप हेक्टर आहे. ज्याच्याकडे हेक्टर नाही, त्याच्या दुःखाचे माप कोणते? मच्छीमाराचा समुद्र सातबाऱ्यावर येत नाही. दुसऱ्याच्या बागेत आणि शेतात रोजाने राबणाऱ्या बाईचे काम सातबाऱ्यावर येत नाही. जमीन जाते तेव्हा मालकाची जमीन जाते, पण मजुराचा रोज जातो. मालकाला पैसा मिळतो. मजुराला सहानुभूतीही मिळत नाही, कारण तो यादीतच नाही.

येथे कोणी म्हणेल, २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शेतमजुराला 'बाधित कुटुंब' म्हणून मान्यता दिली. दिली, हे खरे. पण त्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात तेरा कायदे बाजूला काढून ठेवले होते आणि त्यात १९६२ चा अणुऊर्जा कायदा होता. भरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी २०१५ साली या तेरांनाही लागू झाल्या. जमीन घेण्याआधी समाजावर काय परिणाम होईल याची तपासणी करण्याचे बंधन मात्र त्यांना लागू झाले नाही. हा कायदा काँग्रेसने आणला आणि भाजपने त्याला पाठिंबा दिला. पाहा, ज्या पक्षांची अणुवीजेवरून फूट आहे, त्यांची येथे फूट नाही. भूमिहीनाला बाजूला ठेवण्याचा प्रश्न आला की पक्षभेद मावळतो.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. हिंगोलीत अणुवीज केंद्र नाही. पण अणुऊर्जा विभाग हे नाव आम्हाला आता परके राहिलेले नाही. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो' वेधशाळा उभी करण्याचे काम या विभागाकडे आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्राने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून जाणारा लेसरचा किरण, आणि विश्वात कोठे दोन कृष्णविवरे आदळली तर त्याने होणारे अणूहूनही सूक्ष्म हेलकावे मोजणे, असे हे यंत्र. तेथे भट्टी नाही, युरेनियम नाही, किरणोत्सर्ग नाही. हे ज्ञानाचे काम आहे आणि ज्ञानाला विरोध करणे हा आपला मार्ग नव्हे. पक्षांमध्येही यावरून वाद झाला नाही. श्रेय घ्यायला सगळे पुढे.

जैतापूरला कडाक्याची फूट आणि दुधाळ्याला पूर्ण एकमत, म्हणजे दोन टोके. तरी या दोन्ही ठिकाणच्या चर्चेत एक माणूस सारखाच गैरहजर आहे. आमच्या मराठवाड्यात तो गायरान कसतो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते याच माणसासाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारने १९९१ साली घेतला. तरी आजही कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसतात आणि कागदावर अतिक्रमणदार राहतात. मोठा प्रकल्प कोणताही असो, धरण असो, औद्योगिक वसाहत असो की वेधशाळा, 'सरकारी जमीन उपलब्ध आहे' हे वाक्य ज्या जमिनीविषयी बोलले जाते, ती बहुधा अशीच कोणाच्या तरी घामाची असते. आणि ज्या वेधशाळेत विश्वाचा हेलकावा मोजला जाणार, तिच्या आत आमचा मुलगा संशोधक म्हणून जाणार की फाटकावरचा पहारेकरी म्हणून? हा प्रश्न कोणत्याही पक्षाने जिल्ह्यापुढे ठेवला नाही.

मग आपण अणुवीजेला विरोध करायचा की पाठिंबा द्यायचा? हा प्रश्न कार्यकर्ते मला विचारतात. त्याचे उत्तर देण्याआधी बाबासाहेबांनी वीजेचा प्रश्न कसा मांडला, हे आठवले पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना आणि केंद्रीय वीज मंडळाची उभारणी त्यांच्या कारकिर्दीतली. १९४३ साली वीजेच्या धोरणसमितीपुढे बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक कशी मिळेल, ती कोणाच्या मालकीची असावी, असे प्रश्न केले. आणि त्याहून महत्त्वाचे, ती कशासाठी हवी हे सांगितले. शेतीवर लटकलेल्या कोट्यवधी माणसांना त्या दारिद्र्यातून काढायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगाला वीज हवी. लहान शेतीच्या प्रश्नावर १९१८ साली लिहितानाही त्यांचे बोट औद्योगिकीकरणाकडेच होते. म्हणून यंत्राला नाक मुरडणे, कंदिलाच्या उजेडाचे गोडवे गाणे, हे आपल्याला परवडणारे नाही. कंदील कोणाच्या घरात होता आणि चूल फुंकून डोळे कोणाचे गेले, हे आपण जाणतो. आमच्याकडे शेतीपंपाला वीज रात्रीची मिळते. मालक घरी झोपतो आणि मोटार सुरू करायला विंचू-सापांतून सालगडी जातो. वीजेची टंचाई म्हणजे काय, हे त्याला विचारा.

परंतु बाबासाहेबांचा दुसरा प्रश्न सोडून पहिलाच घेणे ही लबाडी आहे. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या १९४७ च्या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे सांगितले. नव्या 'शांती' कायद्याने ही मालकी सैल केली. २०४७ पर्यंत एक लाख मेगावॉट अणुवीजेचे उद्दिष्ट सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले आणि ते गाठायला खासगी भांडवल हवे म्हणते. सरकारी महामंडळाच्या केंद्रात आरक्षणाने आमचा एखादा अभियंता, एखादा तंत्रज्ञ गेला. खासगी केंद्रावर आरक्षणाचे बंधन नाही. तेथे आपली माणसे जातील ती कंत्राटदाराच्या हजेरीपटावरून. आणि कंत्राटी मजुराला कोणते काम मिळते, हे जपानकडे पाहिले की कळते. तेथे भट्ट्यांची साफसफाई आणि दुरुस्ती उपकंत्राटदारांनी गोळा केलेल्या रोजंदारीच्या मजुरांनी केली आणि किरणोत्सर्गाचा मोठा वाटा त्यांच्याच अंगावर गेला. फुकुशिमा निस्तरायलाही तेच गेले. ज्या देशात गटारात उतरणारा माणूस जातीवरून ठरतो, त्या देशात भट्टीची घाण काढायला कोण उतरेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता आपल्याच घरातली झाडलोट. २००८ च्या ठरावावर बहुजन समाज पक्षाने सरकारविरुद्ध मत दिले. रिपब्लिकन पक्षाच्या आठवले गटाचे नेते तेव्हा सत्ताधारी आघाडीत होते. २०११ साली, जैतापूरचा गोळीबार झाला त्याच वर्षी, ते शिवसेना-भाजपबरोबर गेले. म्हणजे अणुवीजेच्या प्रश्नावर आंबेडकरी राजकारण दोन्ही बाजूंना मोजले गेले, ते आघाडीच्या बेरजेत. खोतीविरुद्ध ज्या माणसाने विधेयक आणले, त्याच्या अनुयायांनी खोतीच्याच मुलखात सातबारा नसलेल्याची बाजू घेऊन उभे राहायचे, ही आपली जागा होती. ती आपण रिकामी ठेवली.

लेखकांनाही एक सांगायचे आहे. १९७४ च्या स्फोटाला 'हसरा बुद्ध' हे सांकेतिक नाव मिळाले. १९९८ चे स्फोट तर बुद्धपौर्णिमेलाच सुरू झाले. आता पुरवठादाराला मोकळे सोडणाऱ्या कायद्याचे नाव 'शांती'. करुणेचा शब्द उचलायचा आणि नेमक्या उलट्या वस्तूवर चिकटवायचा, ही प्रस्थापितांची जुनी खोड आहे. आपल्यालाही त्यांनी 'हरिजन' म्हटलेच होते. ज्या समाजाने १९५६ साली बुद्ध स्वीकारला, त्याच्या लेखकांनी या नामकरणाचा जाब विचारायला हवा. आपल्या साहित्यात गावकूस आहे, महारवाडा आहे, मुंबईची झोपडपट्टी आहे. प्रकल्पाच्या कुंपणाबाहेर उभा राहिलेला मजूर त्यात अजून यायचा आहे. तो आला तर पक्षांच्या भाषणांतले खोटे आपोआप उघडे पडेल.

कार्यकर्त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. 'हो' किंवा 'नाही' हे पक्षांचे शब्द आहेत आणि ते बाकाप्रमाणे बदलतात. आपण आपल्या अटी घेऊन उभे राहावे. जमीन मोजण्याआधी माणसे मोजा आणि त्यात भूमिहीन, मच्छीमार, गायरानधारक यांची नावे आधी लिहा. मालकी खासगी असली तरी आरक्षण ठेवा. कंत्राटी मजुराच्या अंगावर किती किरणोत्सर्ग गेला याची नोंद त्याच्या हातात द्या. दोष पुरवठादाराचा असेल तर तो पुरवठादाराने भोगला पाहिजे, ही तरतूद परत आणा. आणि ज्या वस्तीच्या उशाशी केंद्र उभे राहील, तिच्या घरात पहिला दिवा लागला पाहिजे. या अटी जो पक्ष मान्य करील त्याच्याशी बोलता येईल. जो करणार नाही तो अणूच्या बाजूचा असो की विरोधातला, आपल्या लेखी एकच.

करारानंतर पंधरा वर्षे उलटून गेली, तरी जैतापूरला एकही भट्टी उभी नाही. म्हणजे अटी घालायला वेळ अजून आहे. पुढची जनगणना, पुढची मोजणी, पुढचा प्रकल्प येईल तेव्हा तलाठ्याच्या टेबलासमोर आपला कार्यकर्ता वही घेऊन उभा असावा, आणि त्या वहीत सातबारा नसलेल्यांची नावे असावीत.